तीन तिरपे आरसे

त्रिपुरसुंदरीअक्का पूर्ण जेवण एका बैठकीत जेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. पहिला घास झाला की मीठ आणायला उठायच्या, सांबार-भात कालवला की खालच्या टाकीची मोटर चालू आहे का ते बघायला गॅलरीत जायच्या, आणि ताकभातापर्यंत पोचल्या की त्यांना आठवायचं की कुणाला तरी फोन करायचा राहिलाय. त्यांचे यजमान शेषगिरी राव, शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर, पानावरून मान वर न करता म्हणायचे, "आमच्या घरी आरंभ पुष्कळ. समाप्ती एकच झाली, तीही माझ्या नोकरीची."

आम्ही २००३ साली चेन्नईला आलो. माझ्या नवऱ्याची, मंदारची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस अण्णा नगरच्या कोपऱ्यावरून त्याला उचलायची ती संध्याकाळी आणून टाकायची. सामान अजून खोक्यांत होतं, तेवढ्यात समोरच्या दारातून या आल्या. साठीला टेकलेल्या, नऊवारी नाही पण सहावारीसुद्धा लगबगीनं वर खोचलेली, हातात वाफाळती कॉफी. म्हणाल्या, "तुमी मराठी की? आमीही मराठी." त्यांचं मराठी तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी खाली उतरलेलं, तमिळ हेल लागलेलं. 'मला'ला 'मज' आणि 'तुला'ला 'तुज'. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग एकदा त्याच म्हणाल्या की तुमचं मराठी ऐकलं की मज वाटतें कोणी रेडियो लाविला. तेव्हापासून आमचं जमलं. मला त्यांनी 'काकू' म्हणू दिलं नाही. अक्का म्हण, म्हणाल्या.

अक्का तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र लावून खुर्चीत बसायचं, मागे सुपरवायझर उभी, उठायचं तर हात वर करायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी जणू ठरवूनच टाकलं की आता बसायचं नाही. हार्मोनियम झाली, होमिओपॅथी झाली, हिंदीच्या परीक्षा शेवटच्या एका परीक्षेपर्यंत झाल्या. क्रोशाचा एक टेबलक्लॉथ फ्रिजवर अर्धाच पसरलेला असायचा. त्यामुळे भरतकामाचं खूळ शिरलं तेव्हा राव फक्त म्हणाले, "किती दिवस?" आणि पेपर उलटला.

ते खूळ असं शिरलं. २००५च्या ऑगस्टमध्ये समोरचा जुना बंगला पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहत होती. एका सकाळी अक्कांच्या देवघराच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायला लागले. दहा-बारा ठिपके, एकत्र सरकणारे. त्यांना वाटलं राव घड्याळाच्या काचेनं खेळताहेत. गॅलरीत येऊन बघतात तर समोर एक बाई डोक्यावर मालाचं घमेलं घेऊन फळीवरून चढत होती. घमेल्याखाली चुंबळ, आणि चुंबळीला लावलेलं एक चौकोनी कापड तिच्या मानेमागे लोंबत होतं. निळं, लालपिवळ्या दोऱ्यांनी गच्च भरलेलं, आरसे लावलेलं. ती एकेक पाऊल टाकत होती आणि त्या प्रत्येक पावलाला भिंतीवरचे ठिपके हलत होते.

अक्का तशाच खाली गेल्या. दूध गॅसवर होतं, ते मी जाऊन बंद केलं. पाच मिनिटांनी रस्त्यावरून त्यांची हाक आली. मी सोलापूरची, आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची, तेव्हा मला ती भाषा कामापुरती येते हे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या तेलुगूची फारशी गरज पडली नाही. अक्कांशी चाललेलं माझं मराठी ऐकून ती बाई म्हणाली, "पुण्याची काय तू?" आठ वर्षं ती पुण्यात बांधकामावर होती. वारजे, बाणेर, हिंजवडी असे सगळे भाग तिला पाठ. महबूबनगरकडच्या एका तांड्यातली लंबाडी, आपल्याकडे ज्यांना बंजारा म्हणतात त्यांच्यातली. नाव सोमली. चाळिशीची, उंच, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला. फेटिया म्हणजे त्यांचा घेरदार घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी साइटवर चालत नाही म्हणाली, काँक्रीटच्या मिक्सरमध्ये अडकते म्हणून मेस्त्री ओरडतो. अंगावर तिच्या तांड्याचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, ते चुंबळीचं कापड.

अक्कांनी एका दमात सांगून टाकलं की मज हें शिकीव, फी देते, रोज एक तास. मी ते तिच्यापर्यंत पोचवलं. सोमलीनं फीचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घमेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात आमच्यापुढे धरले. बोटांची टोकं पांढरट, खरखरीत, भेगाळलेली. तिनं शर्टाच्या कॉलरला अडकवलेली सुई काढली आणि तर्जनीच्या टोकात सरळ टोचली. आम्ही दोघी दचकलो, ती नाही.

"सिमेंटनं मारून टाकलं," ती म्हणाली. "सुई हातात हाय का पडली, कळत नाय."

मग तिनं तिचा सौदा सांगितला. तिच्या मुलीचं, जमकीचं लग्न माघात ठरलं होतं. मुलीला आईनं भरलेला फेटिया द्यायचा असतो. नवरा आणि ती सोडली तर मजुरांच्या या टोळीत लंबाडी कुणी नव्हतं. जमकी बारावीपर्यंत हॉस्टेलला शिकली होती, सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. कापड निम्मं भरून दोन वर्षं ट्रंकेत पडलं होतं. "मी बोलते, तू टाके टाक," सोमली अक्कांकडे बोट करून म्हणाली. "माझ्या पोरीचं पुरं कर. शिकून होतंय."

इमारतीचा स्लॅब पोंगलच्या आधी पुरा होणार होता आणि टोळी गावी जाणार होती. म्हणजे साडेचार महिने. अक्कांनी हो म्हटलं. मी मनात म्हटलं, बाईगं, हिनं आपल्या मुलीचं लग्न कुणाच्या भरवशावर टाकलं हे हिला ठाऊक नाही.

रविवारी सुट्टी आणि रोज संध्याकाळी काम सुटल्यावर थोडा वेळ, असं ते सुरू झालं. पहिले काही दिवस सोमली अक्कांच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसायची. अक्कांच्या घरी सोवळंओवळं बऱ्यापैकी होतं. तिच्या कॉफीचा पेला वेगळा, खिडकीच्या गजाशी ठेवलेला. सोमलीनं बघितलं होतं, मीही बघितलं होतं. पुढे कधीतरी अक्कांच्या घाईत तो पेला इतर पेल्यांत मिसळून गेला, आणि मग कुठला कुणाचा हे शोधायला त्यांना सवड कुठे होती? कार्तिकातला पाऊस लागला तेव्हा सोमली हॉलमध्ये पंख्याखाली बसत होती आणि राव तिच्यासाठी पेपरचं पान सोडून ठेवत होते, खाली अंथरायला.

अक्कांचा पहिला अपराध ठिपक्यांचा. सहा वर्षांच्या असल्यापासून दारात रोज कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घालणारा हात. आधी ठिपके, मग ठिपक्यांभोवती रेघ. त्यांनी खडूनं कापडावर सुरेख ठिपके मांडले, सातापासून एकापर्यंत उतरणारे. सोमलीनं तळहातानं सगळे पुसून टाकले. कापडालाच धागे असतात की, ते मोजायचे, असं तिचं म्हणणं. आडवे चार, उभे चार, सुई वर. चुकलं की मोजणीतच कळतं, डोळ्याला दाखवायची गरज नाही. अक्कांना मोजायला आवडलं. एक्स्चेंजमध्ये असताना अख्ख्या अण्णा नगरचे नंबर त्यांना पाठ होते म्हणे. पण मोजता मोजता त्यांचा पाय हलायला लागायचा, मग सुई पळायची, मग दोरा आवळला जाऊन कापडाला चुणी पडायची.

"सुई दौडवू नको," सोमली म्हणायची. "ती म्हैस नाय, पळून नाय जात."

आरसा बसवणं सर्वांत अवघड. चिमणीच्या डोळ्याएवढी काच, तिला भोकं नसतात. चार दोऱ्यांनी आधी चौकट करून धरायची, मग तिरके चार, आणि मग त्या दोऱ्यांना पकडत भोवतीनं गोल टाके. डाव्या अंगठ्यानं काच दाबून धरावी लागते, अंगठा उचलला की निसटते. अक्कांचा पहिला आरसा बसायला तीन संध्याकाळी लागल्या. त्यात त्या दोनदा कुकर बघून आल्या, एकदा दार उघडून आल्या आणि तिन्ही वेळा काच सोफ्याखाली सापडली. चौथ्या संध्याकाळी सोमलीनं एक युक्ती केली. अक्का उठायला लागल्या की ती आपला जड हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवायची. साइटवर विटा रचून ठेवतात तसा तो हात तिथे असायचा, आणि अक्का बसायच्या.

शिकवताना तिला टाक्यांची नावं यायची, आणि नावांबरोबर तिच्या गावच्या गोष्टी. कुठला टाका कुणाच्या मामीनं आणला, कुठला फक्त पिशवीला घालायचा. मी भाजी निवडत तिथेच बसायचे. माझं काम दुभाषाचं, पण हळूहळू ते कमी होत गेलं. अक्कांचं मोडकं तेलुगू, सोमलीचं साइटवरचं मराठी आणि दोघींची अर्धी तमिळ यांचं मिळून काहीतरी एक तयार झालं, जे मलाच कधी कधी कळेना.

नोव्हेंबरपर्यंत अक्कांचा हात बसला. मी खोटं सांगत नाही, चांगला बसला. राव चष्मा लावून बघायला लागले. एकदा त्यांनी घेरावरचे चौकोन मोजून सांगितलं की या वेगानं काम वीस जानेवारीला संपेल आणि टोळी तेराला जाणार. अक्कांना तेवढंच पुरलं. त्यानंतर त्या दुपारीही भरायला बसल्या, गॅलरीत, उजेडाला. बसल्या म्हणजे बसून उठल्या, पुन्हा बसल्या. कोपऱ्यावरून कंपनीच्या बसचा हॉर्न आला की मान वर, समोर क्रेन हलली की मान वर. सोमली कुठल्या मजल्यावर आहे हे बघायचं, मग सुई. घेर पुरा झाला, नेफ्याची पट्टी झाली. डिसेंबरच्या शेवटी खालची कड तेवढी उरली.

त्या कडेला सोमलीनं आपल्या पेटीतून काढून एक जुनी पट्टी लावून दिली होती. चार बोटं रुंद, विटलेली, पण भरीव. त्यांच्यात जुना फेटिया फाटला की त्यातला चांगला भाग कापून नव्यावर चढवतात. ही पट्टी सोमलीच्या स्वतःच्या लग्नातल्या फेटियाची होती. तिनं ती मोठ्या टाक्यांनी तात्पुरती टाचली होती आणि अक्कांना सांगितलं होतं की दोन्ही कडांनी पक्की करून टाक. एवढंच. त्या पट्टीचं आणखी काही सांगायला हवं असं तिला वाटलं नसावं. तिच्या तांड्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागलं नसतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सोमली चार दिवस आली नाही. स्लॅबची घाई होती, दिवे लावून काम चालू होतं. अक्का त्या चार दिवसांत कड पक्की करून मोकळ्या झाल्या. काम संपलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काहीतरी संपलं होतं आणि दाखवायला समोर कुणी नव्हतं. त्यांची जी घालमेल झाली ती मी बघितली. फेटिया पलंगावर पसरायच्या, दूर जाऊन बघायच्या, पुन्हा घडी. त्या बघण्यात त्यांना पट्टीच्या मधोमध तीन आरसे दिसले. एका रांगेत असायला हवे होते. पहिला थोडा खाली, दुसरा वर, तिसरा कलंडलेला. बाकी सगळा फेटिया आखल्यासारखा आणि मधेच हे तीन. कोलमच्या बाईला तीन ठिपके वाकडे बघवत नाहीत. दारातल्या कोलमात असं झालं असतं तर त्यांनी पाण्याचा हात फिरवून पुन्हा घातलं असतं. त्यांनी तेच केलं. जुना दोरा कातरीनं उसवला, काचा काढल्या, पुसल्या आणि नव्या दोऱ्यानं तिन्ही एका रेषेत बसवल्या. इतक्या सुबक, की मला दाखवल्यावर मीही म्हटलं, वा. हे मी लिहितेय कारण अपराधात मीही होते.

आठ जानेवारीला रविवार होता. सोमली सकाळीच आली, आंघोळ करून, केस बांधून, पहिल्यांदा शर्टाशिवाय. अक्कांनी फेटिया तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सोमलीनं घेर उलगडला. ती हात फिरवत नव्हती, हाताला काही कळत नव्हतंच, ती डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. उलटी बाजू आधी, मग सुलटी. नेफा बघून मान हलवली. कड बघायला घेतली आणि थांबली.

"हे कुणी उसवलं?"

अक्का हसत म्हणाल्या की मीच. तिरपे होते, नीट केले.

सोमलीनं पट्टी पुन्हा डोळ्यांशी नेली. खाली मिक्सर फिरत होता, रविवार असूनही. मग ती माझ्याकडे वळली, अक्कांकडे नाही.

"माझ्या आईला उजवा डोळा नव्हता, बाई. तिचे आरसे तसेच बसायचे."

मी ते अक्कांना सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण माझ्या तोंडून ते गेलं आणि त्यांचा चेहरा जो उतरला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. सोमली पुढे हळूहळू सांगत गेली. लग्नात नवऱ्यामुलाकडच्या म्हाताऱ्या बसतात, फेटिया मांडीवर घेतात, पट्टीवर बोट ठेवून विचारतात की हात कुणाचा. ते तीन आरसे बघून आसपासच्या चार तांड्यांत कुणीही सांगितलं असतं की ही एकडोळ्या रुपलीची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचं म्हणून एवढंच होतं. जमकी आजीचा हात अंगावर घेऊन सासरी जाणार होती.

अक्कांनी विचारलं की जुना दोरा कोठे आहे, आणि त्यांना स्वतःलाच आठवलं की तो झाडून टाकला. तरी त्या स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याची टोपली बघून आल्या. चार दिवस झाले होते.

मग त्यांनी सुई घेतली. आपण बिघडवलं, आपणच करू. आपले तीन आरसे उसवले आणि आठवून आठवून वाकडे बसवायला लागल्या. पहिला खाली, दुसरा वर. सोमलीनं बघितलं आणि मान हलवली. पुन्हा उसवले, पुन्हा बसवले. तिसऱ्यांदा सोमलीनं त्यांच्या हातातून कापड घेतलं.

"हे वाकडं नाय, अम्मा. हे वाकडं केलेलं हाय."

तिचं खरंच होतं. अक्कांचा वाकडा आरसासुद्धा मोजून वाकडा होता.

सोमलीनं गरम पाणी मागितलं. बोटं त्यात बुडवून बसली, मग खोबरेल चोळलं, मग फडक्यानं कोरडी केली. आणि म्हणाली, दोरा ओव. अक्कांनी ओवला. सोमलीनं सुई चिमटीत धरली, ती निसटली. पुन्हा दिली, पुन्हा निसटली. शेवटी तिनं सुई बोटांच्या टोकांत न धरता पहिल्या पेराच्या मध्ये धरली, जिथे अजून थोडं कळत होतं. काच अंगठ्याखाली आणि पहिला टाका.

साडेदहापासून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ते चाललं. तीन आरसे. मी मधे घरी जाऊन मंदारला वाढून आले, कपडे वाळत घातले, परत आले. प्रत्येक वेळी चित्र तेच. सोमली भिंतीला टेकून, कापड डोळ्यांशी. अक्का तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून. त्यांच्याकडे काम फक्त दोन, दोरा संपला की ओवायचा आणि रक्त आलं की फडक्यानं टिपायचं, कारण सुई बोटात गेल्याचं सोमलीला कळत नव्हतं, ते अक्कांना बघून सांगावं लागत होतं. दुपारी दाराची बेल वाजली, राव उठले. फोन वाजला, राव उठले. दोन वाजता त्यांनी स्वतः ताकभात कालवून दोन ताटल्या आणून ठेवल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ती उठलेली नाही. सकाळपासून." गणित चुकल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

शेवटची गाठ मारून झाल्यावर सोमलीनं कापड लांब धरलं. तिन्ही आरसे वाकडे बसले होते, पण आईसारखे नाहीत. दुसराच कल. आईचे वरखाली होऊन एकीकडे कललेले असत, हे तिघे एकमेकांपासून तोंडं फिरवून बसल्यासारखे.

ती म्हणाली, "आता ही आईची नाय. माझी."

मग फेटिया अक्कांपुढे केला. "हात लावून बघ. पक्कं हाय? मला कळत नाय."

अक्कांनी एकेका आरशावर अंगठा दाबून बघितला, नखानं दोरा ओढून बघितला. म्हणाल्या, "पक्कें आहे. सुटत नाही." आणि मग त्यांना रडू आलं. सोमलीनं त्यांच्याकडे बघितलं, फेटियाची घडी घातली, कॉफी प्यायली आणि गेली.

तेरा तारखेला टोळी एग्मोरहून काचीगुड्याच्या गाडीनं गेली. अक्कांचं आता कुठे लक्ष लागेना. त्यांना एकच सारखं दिसत होतं. म्हाताऱ्या पट्टीवर बोट ठेवणार, हात कुणाचा म्हणून विचारणार, आणि सोमली आपल्या आईचं काम सांभाळू शकली नाही असं सगळ्या तांड्यासमोर ठरणार. उसवणारी इथे चेन्नईत पंख्याखाली बसलेली. त्या रात्रंदिवस घरात येरझाऱ्या घालायच्या. रावांनी समजावलं की तिनं तुझं नाव सांगितलं असेलच. अक्का म्हणाल्या, "ती नाही सांगणार. मज ठाऊक आहे." मेस्त्रीच्या मोबाइलवर त्यांनी इतके फोन केले की तो उचलेनासा झाला. शेवटी लग्नाची तारीख कळली आणि त्याच दिवशी त्या तिकीट काढून आल्या. राव म्हणाले की वेड लागलं आहे, भाषा येत नाही, वय बघ. मग त्यांनीच एका कागदावर तेलुगूत तीन वाक्यं लिहून घेतली माझ्याकडून. 'पट्टी मी उसवली. सोमलीची चूक नाही. मला माहीत नव्हतं.' अक्कांनी ती पाठ केली, टेलिफोनचे नंबर पाठ करावेत तशी.

सहा दिवसांनी परत आल्या. मी चहा टाकला, त्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत सांगत होत्या. गाडी, मग एसटीसारखी बस, मग ट्रॅक्टर. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्या खरंच बसल्या. नवऱ्यामुलाची आजी सगळ्यांत मोठी, तिला मोतीबिंदू, काही दिसत नाही. तिनं बोटांनी पट्टी चाचपली. तीन आरशांवर थांबली. विचारलं, हात कुणाचा?

सोमली म्हणाली, माझा.

अक्का तिथेच उठून उभ्या राहिल्या आणि पाठ केलेली तिन्ही वाक्यं म्हणून टाकली. त्यांच्या उच्चारात. बायका हसल्या. आजीनं शेजारणीला विचारलं की ही कोण, काय म्हणते? कुणीतरी सांगितलं. आजीनं तिन्ही आरसे पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबून बघितले, "घट्ट आहेत" म्हणाली, आणि पट्टी पुढे सरकवली. झालं. मग अक्कांना भाकरी थापायला बसवलं.

"एवढेंच?" मी नकळत त्यांच्यासारखं बोलले.

"एवढेंच की. मी इतकी दूर गेले चित्रा, आणि कोणी रागावलें नाही. रागावलें असतें तर बरें होतें. माफ केलें की नाही, तेंही कळलें नाही." त्या ओट्याशी थांबल्या, पुन्हा चालायला लागल्या. "निघताना सोमली म्हणाली, पुढच्या वेळी उसवायच्या आधी विचार."

"पुढच्या वेळी?"

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जाड निळं कापड काढून माझ्या ओट्यावर ठेवलं. कोरं, चार वार तरी असेल. जमकीच्या मागे एक धाकटी आहे म्हणे, अकरा वर्षांची. तिचं, अठराव्या वर्षी लग्न होईल तेव्हाचं. सोमली बांधकामावर असेल तिथून मेस्त्रीच्या फोनवरून विचारेल, आणि चेन्नईत काम लागलं तर येऊन बघून जाईल. घाई नाही, असं तिनं दोनदा सांगितलंय.

चहा उकळून वर आला, मी गॅस बारीक केला. अक्का कापडाची कड बोटांत धरून धागे मोजायला लागल्या होत्या, उभ्याउभ्याच. चारापर्यंत पोचल्या आणि वर बघितलं.

"सात वर्षं, चित्रा. मी सात वर्षं कशी बसूं?"